काचेच्या आतली वाफ

मामांना एका जागी बसवून ठेवायचं असेल तर त्यांच्यापुढे स्टिअरिंग ठेवावं लागायचं. दुसरा उपाय आजवर कुणाला सापडलेला नव्हता. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय टेबलाखाली हलत असायचा. दवाखान्यात नंबर लावला तर बाकावर बसायचं सोडून दारात उभे राहायचे आणि आत किती माणसं उरली ते मोजत राहायचे. त्यांची बायको, म्हणजे मामी, वैतागून म्हणायच्या, "यांच्या पायाला भिंगरी आहे, आणि ती मेली झोपेतही थांबत नाही." पण हाच माणूस गाडीत बसला की शांत. खांदे खाली, हात सैल, नजर रस्त्यावर. एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे वाक्य ते स्वतः दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे, तेव्हा ते इथेही एकदा सांगून टाकलेलं बरं.

त्यांची व्हॅन होती आणि त्या व्हॅनमधून ते मोठ्या इस्पितळातल्या पाच नर्सना सकाळच्या पाळीला पोचवायचे. पहिलीला पावणेसहाला घ्यायचं, शेवटचीला साडेसहाला, आणि सातच्या ठोक्याला पाचही जणी वॉर्डात. दुपारी तीनला परत. पाचही जणी त्यांना मामाच म्हणायच्या. पुढच्या सीटवर मोठ्या सिस्टर बसायच्या. त्यांना नोकरीत पंचवीस वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज ऐकला की तापातला पेशंटही उठून बसायचा. मागे तिघी होत्या. त्या सारख्या कशावरून तरी हसायच्या आणि कोण नक्की काय म्हणालं हे मामांना कधीच कळायचं नाही. आणि मामांच्या बरोबर पाठीमागे धाकटी. तिला सातवा महिना लागला होता. ती गाडीत चढताना मामा खाली उतरून दार धरायचे, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

त्या वर्षी थंडी पडली आणि मामांच्या मागे ही काचेची पीडा लागली.

पहाटे दार उघडावं तर सगळ्या काचा आतून पांढऱ्याफटक. बाहेरून हात फिरवला तर नुसती गार लागायची, ओल सगळी आतल्या अंगाला. थेंब ओघळून डॅशबोर्डवर तळं साचलेलं. मामा फडकं मारायचे, काच दोन मिनिटं दिसायची, मग पाच बायका आत बसून श्वास घ्यायला लागल्या की पुन्हा जैसे थे. श्वास घेऊ नका असं तर कुणाला सांगता येत नाही. एकदा मामांनी तेही सांगून पाहिलं होतं, आणि मागच्या तिघी इस्पितळ येईपर्यंत गाल फुगवून बसल्या होत्या.

मग सुरू झाले उपाय. गल्लीतल्या प्रत्येक माणसाकडे एक उपाय असतो आणि मामांनी एकही सोडला नाही. वर्तमानपत्राने काच घासली. दाढीचा फेस लावून पुसला. गाडीला न्हाव्याच्या दुकानाचा वास आला, वाफ होती तिथेच. कुणी म्हणालं कच्चा बटाटा चोळा. चोळला. कुणी म्हणालं मोज्यात मीठ भरून रात्रभर ठेवा. मामींनी मिठाचा डबा उघडला तर रिकामा. "अहो, आता गाडीलाच जेवायला वाढा," त्या म्हणाल्या. मामा हसले नाहीत. पहाटे चारपासूनच त्यांची चुळबूळ सुरू व्हायची. उठून खिडकीतून गाडीकडे बघायचे, मग पलंगावर यायचे, मग पुन्हा खिडकी. काच ओली आहे की कोरडी हे तिथून काय दिसणार? तरी बघायचे.

एक मात्र झालं होतं, आणि ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. काच दिसत नाही म्हटल्यावर पाचही जणी कामाला लागल्या. मोठ्या सिस्टर समोरची काच पुसता पुसता रस्ता वाचून दाखवायच्या, डॉक्टरांना राउंडच्या वेळी पेशंटची माहिती देतात तसा. "समोर ट्रक उभा आहे. उजवीकडून घ्या. आता सिग्नल, लाल आहे, थांबा." मागच्या तिघी आपापली खिडकी पुसून ओरडायच्या, "डावीकडून सायकल!" "म्हातारं माणूस रस्ता ओलांडतंय, मामा, सावकाश!" धाकटी मागून हळूच सांगायची, "कुत्रं आहे हं, मामा." अशी ती गाडी बारा डोळ्यांनी चालायची. वेळ लागायचा, पण चालायची.

वेळ लागायचा हीच भानगड होती. दोनदा पोचायला उशीर झाला आणि मोठ्या सिस्टरांना मेट्रनचं बोलणं खावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यांनी उतरताना सांगितलं, "मामा, तुमच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ही गाडी दुरुस्त करून घ्या. नाहीतर आम्हाला दुसरी बघावी लागेल."

दुसरी गाडी म्हणजे मामा घरी. घरी म्हणजे दोन खोल्या, एक खिडकी आणि पुढचं सगळं आयुष्य. तीन वाजायच्या आत त्यांनी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजात नेली.

मिस्त्री त्यांचा तरुणपणापासूनचा दोस्त. बोलायला कमी आणि हाताला पक्का. त्याने काचेकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पुढच्या सीटखालचं कार्पेट ओढून वर काढलं आणि त्याखालचा फोम मुठीत दाबला. धार लागली.

"हे बघ," तो म्हणाला. "दाराचं रबर फाटलंय. पावसाळ्यात आत गेलेलं पाणी अजून इथेच बसलंय. रात्री हेच वर चढतं. तू आपला काचा पुसतोयस वेड्यासारखा."

"मला वाटलं, श्वासाने होतंय."

"श्वासानेही होतं. आणि हे बटण कुणी दाबून ठेवलंय? आतली हवा आतच फिरतेय. बाहेरची हवा येऊ दे जरा."

दोन दिवस गाडी त्याच्याकडे होती, तेवढे दिवस पाचही जणी रिक्षाने गेल्या-आल्या. फोम उन्हात वाळवला, रबर नवं बसवलं, कार्पेट घट्ट केलं. परत देताना मिस्त्री म्हणाला, "आता एक थेंब दिसला तर माझं नाव बदल."

आणि खरंच, पुढच्या पहाटे काच लख्ख. मामांनी बोट फिरवलं, बोट कोरडं. मोठ्या सिस्टरांनी बसल्या बसल्या फडकं डॅशबोर्डच्या खणात टाकलं, डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. मागच्या तिघी मोबाइलमध्ये गेल्या. धाकटीला तर चढल्या चढल्या डुलकी लागली. गाडीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत मामांना दरदरून घाम फुटला.

कारण धुकं गेलेलं नव्हतं.

समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती पिवळा पिसारा फुललेला. सिग्नलचा लाल रंग पाण्यात विरघळल्यासारखा पसरलेला. रस्त्याच्या कडेला काहीतरी काळं होतं, तो खांब होता की माणूस, जवळ जाईपर्यंत समजेना. मामांनी हाताने काच पुसली. कोरडी. पुन्हा पुसली.

"काय पुसताय मामा?" मोठ्या सिस्टरांनी एक डोळा उघडून विचारलं. "आरशासारखी आहे की."

"सवय," मामा म्हणाले.

आता खोटं कशाला सांगायचं? मामांना हे ठाऊक होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. एका दुपारी त्यांनी डावा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं होतं आणि तारखांच्या जागी नुसता साय धरलेल्या दुधासारखा पांढरा पृष्ठभाग दिसला होता. मग उजवा झाकून बघितलं. डावाही काही फार बरा नव्हता. त्यांनी काय करावं? घरातली ट्यूब बदलली. एकदा नाही, तीनदा. "हल्लीच्या ट्यूबमध्ये दम नाही," असं दुकानदाराला बोलून आले. मामींना वाटलं, असेल. मामांच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हाही मामींनी डबे ठेवण्यातल्या आपल्याच वेंधळेपणाला बोल लावला.

डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की त्यांना थोरला भाऊ दिसायचा. भावाने फार पूर्वी डोळ्याचं ऑपरेशन केलं होतं आणि ते बिघडलं. पुढची अकरा वर्षं तो खुर्चीत बसून होता. हाक मारली की आवाजाच्या दिशेने मान वळवायचा, आणि दर वेळी थोडी चुकीच्या बाजूला. मामा त्याला भेटायला जायचे आणि पाच मिनिटांत काहीतरी काम काढून पळायचे. मरणाची त्यांना एवढी भीती नव्हती. त्या खुर्चीची होती.

दिवसा निभायचं. ऊन असलं, ओळखीचा रस्ता असला की हात आपोआप वळायचे. पण थंडीतल्या काळोख्या पहाटे त्यांना काचेवरच्या वाफेने तारलं होतं. वाफ होती म्हणून पाच जणी जाग्या होत्या, वाफ होती म्हणून कुणी सांगत होतं की डावीकडे सायकल आहे. मिस्त्रीने गाडी दुरुस्त केली आणि मामांचे दहा डोळे काढून घेतले.

तीन पहाटा त्यांनी तशीच गाडी चालवली. त्या तीन पहाटांबद्दल न बोललेलं बरं. जीव मुठीत आणि गाडीत पाच बायका विश्वासाने झोपलेल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. दारापर्यंत जायचे, परत यायचे, नळ उघडायचे, बंद करायचे. मामी म्हणाल्या, "अहो, बसा ना जरा. मला चक्कर यायला लागली तुमच्याकडे बघून."

संध्याकाळी त्यांनी मोरीतला निळा टब घेतला, जुना टॉवेल पाण्यात बुडवून त्यात ठेवला आणि तो टब व्हॅनच्या सगळ्यात मागच्या सीटखाली सरकवला. काचा घट्ट लावल्या. आतली हवा आतच फिरवणारं बटण मिस्त्रीने बंद करून दिलं होतं, ते परत दाबलं. वाफ कशी घालवायची हे शिकायला त्यांना दीड महिना लागला होता. आणायची कशी, ते त्यातूनच समजलेलं होतं.

सकाळी काचा पांढऱ्या.

"अरे देवा, पुन्हा?" मोठ्या सिस्टर किंचाळल्या. "त्या मिस्त्रीने केलं काय मग?"

"काय सांगायचं," मामा म्हणाले. "आजकाल कुणाचं काम धड असतं?"

हे बोलताना त्यांची जीभ जरा अडखळली, नाही असं नाही. पण लगेच मोठ्या सिस्टरांनी खणातून फडकं काढलं, मागच्या तिघींनी खिडक्या पुसल्या, आणि "समोर रिक्षा, थांबलीये" हे शब्द कानावर पडले तेव्हा मामांचे खांदे चार दिवसांत पहिल्यांदा खाली आले. इस्पितळाच्या दारात पाच जणी उतरल्या की मामा गाडी कोपऱ्यावर घ्यायचे, टब रिकामा करायचे, टॉवेल पिळून सीटच्या दांडीवर वाळत घालायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. चार दिवस हे असं चाललं. मामांनी स्वतःला समजावलं होतं की थंडी संपेपर्यंतचाच प्रश्न आहे. मग पहाट लवकर उजाडेल. मग बघू.

पाचव्या दिवशी टॉवेल जरा जास्तच ओला झाला असावा. काचा पुसता पुसेनात. मोठ्या सिस्टर फडकं पिळून पुन्हा पुसायच्या तोवर पहिली जागा पांढरी. बाजाराच्या वळणावर मागची एक ओरडली, "मामा, सायकल!" पण कुठल्या बाजूला ते सांगायला तिला वेळच मिळाला नाही. पाववाला होता. समोरच्या पांढऱ्यातून एकदम त्याचा हात आणि पावांची पेटी दिसली आणि मामांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. सायकल आडवी झाली, पाव रस्त्यावर पसरले, पाववाला बाजूला उडी मारून वाचला आणि शिव्या देत उठला. त्याला खरचटलंही नव्हतं. पण गाडीत धाकटी पुढे आदळली होती. तिचं कपाळ मामांच्या सीटच्या मागच्या दांडीवर आपटलं होतं. ती दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती.

इस्पितळात पोचल्या पोचल्या तिला तपासायला नेलं. अर्ध्या तासाने मागच्या तिघींपैकी एकीने बाहेर येऊन सांगितलं, बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत, कपाळावर टेंगूळ तेवढं आलंय. मामा फाटकापाशी उभे होते. ते मग दुपारी तीनपर्यंत तिथेच होते. फाटकापासून झाडापर्यंत, झाडापासून फाटकापर्यंत. वॉचमनने खुर्ची दिली, तिला त्यांनी हातही लावला नाही. टब काढायचा, टॉवेल पिळायचा, यातलं काहीएक त्यांच्या डोक्यात आलं नाही.

तीन वाजता पाचही जणी आल्या. धाकटीच्या भुवईवर निळसर टेंगूळ होतं. मोठ्या सिस्टरांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "घरी नाही. आधी त्या मिस्त्रीकडे चला."

"अहो, त्याचं काय..."

"चला म्हणते ना मी."

मिस्त्री एका गाडीखाली होता. सहा माणसं एकदम दारात बघून तो हात पुसत बाहेर आला. मोठ्या सिस्टरांनी घडलेलं सगळं सांगितलं, आणि सांगताना आवाज कुठेही कमी ठेवला नाही. मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो म्हणाला, "शक्य नाही," आणि गुडघ्यांवर बसून त्याने कार्पेट उचकटलं. फोम दाबला. कोरडा ठणठणीत. दाराच्या रबरावरून अंगठा फिरवला. कोरडं. बटणाकडे बघितलं आणि क्षणभर थांबला. मग तो नाक वर करून हुंगत मागे मागे सरकला, बॅटरी लावली आणि शेवटच्या सीटखाली वाकला.

मामांना तेव्हा टब आठवला.

मिस्त्री बराच वेळ वाकलेला राहिला. मग मान वळवून त्याने मामांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मागच्या महिन्यात मामांनी त्याच्याच गॅरेजात चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला होता आणि कप खाली पडला होता, तेव्हाही मिस्त्री तुकडे गोळा करता करता त्यांच्याकडे असाच बघत होता. आता तो उठला, पायाने काहीतरी आत सरकवलं आणि बायकांकडे वळला.

"माझीच चूक आहे," तो म्हणाला. "रबर नीट बसलं नाही. गाडी ठेवून जा, मी परत करून देतो."

"चूक?" मोठ्या सिस्टर पुढे झाल्या. "चूक म्हणता? ही सात महिन्यांची पोटुशी बाई आहे! काही झालं असतं म्हणजे? तुम्हाला माणसांच्या जिवाचं काही वाटतं की नाही? हाताला काम येत नसेल तर दुकान बंद करा!"

मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता. चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. शेजारच्या दुकानातली दोन माणसं बाहेर येऊन बघत होती. तो हातातलं फडकं नुसतं घडी करत होता, उलगडत होता.

मामांना वाटलं, आता गप्प राहिलं तर निभतंय. उद्या काच कोरडी, परवा बघू. एवढंसं गप्प राहायचं होतं.

"सिस्टर, त्याला बोलू नका," मामा म्हणाले. "त्याने गाडी नीट केली होती. ओला टॉवेल मीच ठेवत होतो आत. रोज."

"काय?"

"काच पांढरी झाली की तुम्ही सगळ्या रस्ता सांगता. म्हणून." त्यांनी डोळ्यांकडे बोट नेलं. "मला दिसत नाही."

मग मोठ्या सिस्टरांनी, वॉर्डात विचारतात त्या साध्या आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

मागच्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यातली एक बोटांवर महिने मोजत होती, आणि मोजता मोजता तिने हात तोंडावर ठेवला. मामांना त्यांचे चेहरे दिसत नव्हते, पण त्या मोजतायत हे त्यांना कळलं. किती पहाटा, किती वळणं, किती ट्रक.

"मामा, मोतीबिंदू असेल हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "वीस मिनिटांचं काम असतं. आमच्या खालच्या मजल्यावर रोज करतात. तुम्ही रोज त्याच दारात आम्हाला सोडत होता."

मामांनी भावाबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण ते सांगून आता काही उपयोग नव्हता.

धाकटी पुढे आली. अगदी जवळ येऊन उभी राहिली, म्हणून तिचं टेंगूळ मामांना स्पष्ट दिसलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ओठ रागाने थरथरत होते. तिने उजव्या हाताने पोट धरलं होतं, डावा हात त्यांच्यापुढे पसरला.

"किल्ली द्या."

"तुला चालवता येते का गं?" मामांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"नाही येत," ती म्हणाली. "तरी द्या."

मामांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.